ओढायची करवत

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अर्धवट राहिलं ते थोडं भरलंय, आणि मागून येणारा ट्रॅक्टरचा आवाज अर्थातच इथं नाही.)

गेल्या महिन्यात भाग आला नाही म्हणून बऱ्याच जणांनी मेसेज टाकले. कारण सांगतो. डाव्या अंगठ्याला चार टाके पडले होते. पटाशी लागली. पटाशी म्हणजे सुताराची चपट्या धारेची छिन्नी. लाकूड डाव्या हाताने धरलं होतं आणि उजव्या हाताने पटाशी सरळ त्याच हाताच्या दिशेने मारली. कुठल्याही सुताराच्या घरातलं आठ वर्षांचं पोरगं ही चूक करणार नाही. आणि गंमत अशी, की मी सुताराच्याच घरातला आहे.

आजचा भाग इतिहासाचाच आहे, घाबरू नका. पण तो माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून सुरू होतो. तिथं पूर्वी गाय बांधायचो. आता तिथं एक टेबल आहे, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं आहेत आणि खाली भुसा आहे.

आम्ही नरखेड तालुक्यातले. नागपूर जिल्ह्याचा नकाशा मोबाइलवर उघडा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात बघा. वर मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, डावीकडे वर्धा नदी, नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातलं वरूड. सगळा संत्र्याचा पट्टा. आमचं गाव मोवाड, वर्धेच्या काठावरचं. आणि आम्ही वाढई. पुण्या-मुंबईकडच्या श्रोत्यांसाठी सांगतो, इकडे सुताराला वाढईही म्हणतात. संस्कृतात सुताराला 'वर्धकि' असा शब्द आहे, त्यातून आपला वाढई आणि हिंदीतला बढई आला. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार'वरून आलेला. सूत्र म्हणजे दोरी. गेरूत किंवा काजळीत बुडवलेली दोरी लाकडावर ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. दोरी धरणारा तो सूत्रधार. नाटकातला सूत्रधार आणि दार बसवायला येणारा मिस्त्री शब्दाच्या नात्याने भाऊ लागतात.

ते सूत अजून गेलेलं नाही. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. शाळेत आपण सगळे सेंटिमीटर शिकलो. पण आज कुठल्याही फर्निचरवाल्याकडे उभे राहा, तो कारागिराला ओरडून सांगेल, 'दोन फूट चार इंच तीन सूत.' आठ सुतांचा एक इंच. माझ्या टेपवर मिलिमीटरच्या रेघा ठळक आहेत आणि इंचाच्या बारीक, तरी मी आता सुतातच मोजतो. कारण ज्यांना विचारायला जातो ती सगळी माणसं सुतात बोलतात.

आता थोडं मागे जाऊ. रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर एक मोठा ग्रंथ केला, तो १९१६ साली चार खंडांत छापला गेला. त्यात सुतारांवर एक प्रकरण आहे. १९११ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मिळून या जातीची माणसं सुमारे १ लाख १० हजार होती, म्हणजे साधारण दीडशे माणसांमागे एक. पण मला थांबवलं ते पुढच्या मजकुराने. सधन जिल्हे सोडले तर खेड्यांत सुतार फारसा सापडतच नाही, असं त्यात म्हटलंय. शेतीला लागणारं लाकूडकाम लोहारच करून द्यायचा. आणि घरात लाकडाची एकच वस्तू असायची, ती म्हणजे खाट. ती माणसं स्वतःच्या हाताने करायची, नाहीतर लाकूडतोड्या गोंडाकडून करून घ्यायची.

म्हणजे बघा, 'घरच्या घरी सुतारकाम' हे आज यूट्यूबवर शौक म्हणून दिसतं, पण शंभर वर्षांपूर्वी या प्रांतातल्या मोठ्या भागात तीच नेहमीची गोष्ट होती. बाज हवी? चार पाय तासा, चार दांड्या बसवा, सुंब विणा, झोपा.

आमचा नागपूर-वऱ्हाडचा कापूसपट्टा मात्र तेव्हा पैसेवाला. कापूस जिनिंगपर्यंत न्यायचा तर बंडी लागते, बंडीला चाक लागतं, आणि चाक घरी होत नाही. खाट कुणीही करेल, चाकाला वाढईच हवा. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, त्याभोवती वाकडे तुकडे जोडून केलेला घेर, आणि सगळं बाभळीचं, कारण बाभळीइतकं चिवट आणि स्वस्त लाकूड इथं दुसरं नाही. शेवटी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतात, तापून फुगली की चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. खिळा नाही, गोंद नाही. वाढई आणि लोहार त्या दिवशी एकत्र काम करायचे. १९२० च्या दशकात इटारसी-नागपूर रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि नरखेड त्या मार्गावर आलं. पण रेल्वेने बंडीचं काम कमी केलं नाही, उलट वाढवलं. स्टेशनपर्यंत माल कोण नेणार?

दुसरी वस्तू तिफण. पेरणीचं अवजार, खाली तीन फण. वर एक लाकडी वाटी, तिला चाडं म्हणतात. चाड्याला भोकं, भोकांना पोकळ बांबूचे नळे, नळ्यांतून बी खाली तासात. पेरणारी बाई मुठीने बी सोडत जाते. चाड्याची भोकं सारखी नसतील तर एका तासात दाट आणि दुसऱ्यात विरळ पेरणी होते, आणि ते पीक उगवल्यावरच कळतं. तेव्हा शेतकरी थेट वाढयाच्या दारात येतो. माझ्या आजोबांना चाडं करताना बोलायला आवडायचं नाही, असं आजी सांगायची.

मोबदला धान्यात. ज्याच्या जेवढ्या बैलजोड्या त्या मानाने वर्षाचं धान्य, ते खळ्यावर जाऊन घ्यायचं. बलुतेदारीबद्दल आपण शाळेत बारा नावं पाठ करतो आणि पुढे जातो. पण ती नातेवाइकांच्या व्यवहारासारखी होती. वर्षभर काम मागायला कुणीही येणार, नाही म्हणता येत नाही, आणि हिशेब एकदाच. चांगलं वर्ष असलं तर सूप भरून, दुष्काळ असला तर 'पुढच्या साली बघू'. जुन्या गावगाड्याची आठवण काढून हळवे होणारे लोक भेटतात. त्यांच्यात खळ्यावर टोपली घेऊन उभं राहिलेल्या घरातलं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

संत्र्याने आमच्या घरात पहिल्यांदा रोख पैसा आणला. इकडचं संत्रं भोसल्यांनी आणलं असं परंपरेने सांगतात. ते कधी आणलं यापेक्षा ते बाहेर कसं गेलं हे माझ्यासाठी महत्त्वाचं. ते लाकडी पेटीत गेलं. सालईचं हलकं, स्वस्त लाकूड, पातळ फळ्या, खिळे आणि आत तणस. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आगेमागे निघतं, मृग बहाराचं उन्हाळ्याच्या तोंडावर. दोन्ही हंगामांत आजोबा पेट्या ठोकायचे. नगावर पैसे. त्यात कसब काहीच नव्हतं. पण बाबांची नरखेडच्या शाळेची फी त्या पेट्यांतून गेली. आता प्लॅस्टिकचे क्रेट आणि पुठ्ठ्याचे खोके आहेत. माझ्या वर्कशॉपमधलं पहिलं लाकूड म्हणजे एका ओळखीच्या बागायतदाराच्या कोठ्यात पडलेल्या अशाच जुन्या पेट्या. सालईच्या फळीला अजून वास येतो. संत्र्याचा नाही, धुपासारखा. सालईच्या डिंकाचा धूपच करतात.

मग ३० जुलै १९९१.

आमच्या तालुक्यात ही तारीख सांगितली की पुढे काही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी: वर्धेला पूर आला आणि मोवाडमध्ये २०४ माणसं गेली. मी चार वर्षांचा होतो. मला पाणी आठवत नाही, चिखल आठवतो. आमच्या घरातली माणसं वाचली. शेजारची सगळी वाचली नाहीत, आणि त्याबद्दल मी या पॉडकास्टवर बोलणार नाही. तो इतिहास ज्यांच्या घरचा आहे त्यांनी सांगावा.

आजोबांच्या कामाची जागा नदीच्या अंगाला होती. तिथं वर्षानुवर्षं वाळत ठेवलेलं लाकूड होतं. लाकूड ओलं वापरलं तर पुढे आकसतं, वाकतं, तडकतं. म्हणून वाढई आज तोडलेली बाभूळ पुढच्या-त्याच्या पुढच्या वर्षी वापरतो. म्हणजे वाळतं लाकूड ही त्याची बँक. ती बँक गेली. हत्यारांची पेटी तेवढी वाचली, कारण आजोबा त्या आठवड्यात एका नातेवाइकाकडे दारं बसवायला बाहेरगावी गेले होते आणि पेटी सोबत होती.

त्यानंतर मोवाडचं पुनर्वसन झालं, नव्या जागी घरं उभी राहिली. आमचंही. पण ते घर सिमेंटचं. जुन्या घरात खांब, तुळया, नाटा, दारं, कोनाड्याची चौकट, सगळं लाकडी होतं. नव्या घराच्या चौकटीसुद्धा लोखंडी. गावभर बांधकाम चालू होतं आणि वाढयाला त्यात एकच काम उरलं होतं, सेंटरिंगचं. स्लॅब टाकण्याआधी खालून फळ्या आणि बल्ल्या लावून साचा करतात ना, ते. आजोबांनी ते केलं. ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षं टिकणारी चाकं केली, त्याने शेवटची सहा-सात वर्षं असं लाकूडकाम केलं, जे स्लॅब पक्का झाला की काढून टाकतात.

पूर हे एकटं कारण नव्हतं, हे इतिहास सांगताना प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. टायरची बंडी आधीच आली होती, तिला लोखंडी आख आणि बेअरिंग. ट्रॅक्टरसोबत लोखंडी पेरणीयंत्र आलं. वेल्डिंगच्या दुकानात एका दुपारी जे होतं त्याला वाढयाकडे चार दिवस लागायचे. शहरात प्लायवूड आणि सनमायका होतंच. फेविकॉल १९५९ साली बाजारात आलं, त्याआधी सुतार सरस वापरायचे. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक, तो प्रत्येक वेळी विस्तवावर वितळवायचा. त्या वासाबद्दल आजी जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, पुराने जे एका दिवसात नेलं ते एरवी पंधरा वर्षांत गेलंच असतं. आजोबा २००४ मध्ये वारले. पेटी बाजेखाली गेली.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले. घरातले पहिले पगारदार. मी नागपुरात शिकलो, कंपनीत लागलो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि काम घरूनच चालू राहिल्यामुळे इथंच राहिलो. दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी बुटकं टेबल हवं होतं म्हणून बाजेखालची पेटी ओढली. रंधा, तीन पटाश्या, वाकस, गिरमिट, लाकडी मोगरी, दोन करवती, काटकोन. लोखंडावर गंजाची साय, मुठी मात्र गुळगुळीत. एका मुठीला आजोबांच्या अंगठ्याचा खळगा होता. माझा अंगठा त्यात बसत नाही, माझा मोठा आहे.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "कायले करतं बाप्पा हे? पुन्हा रंधाच धराचा होता, त मंग शायेत कायले घातलं तुले?"

मी हसून सोडून दिलं. ते हसले नाहीत. पुढे तीन महिने ते शेडमध्ये आले नाहीत. जेवताना त्या विषयावर शब्द नाही. एकदा पाहुण्यांसमोर मी सुतारकामाबद्दल बोलायला लागलो, तर त्यांनी विषय बदलून माझा पगार सांगितला.

हे मला कळत नव्हतं, म्हणून मी माझी नेहमीची पळवाट घेतली. वाचायला लागलो. आणि वाचता वाचता आमच्याच नावाच्या नदीने ज्याला नाव दिलंय त्या वर्ध्याला पोहोचलो.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडणी केली की मुलांना सात वर्षं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतून शिक्षण द्यावं आणि ते एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने द्यावं. मग डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अभ्यासक्रम तयार झाला. सूतकताई आणि विणकाम, शेती, आणि पुठ्ठा-लाकूडकाम. हीच नई तालीम. गणित शिकायचं तर फळी मोजून, भूमिती शिकायची तर काटकोन लावून. कल्पना एकट्या भारताची नव्हती. फिनलंडने १८६६ मध्येच खेड्यातल्या शाळांत मुलांना हस्तकाम सक्तीचं केलं होतं. स्वीडनमध्ये नेस या ठिकाणी ओटो सालोमन यांनी १८७० च्या दशकात असंच शिकवणारे शिक्षक तयार करायला सुरुवात केली, तिथं जगभरातून लोक यायचे. गांधीजी स्वतः दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर, १९१० नंतर, कालेनबाख यांच्यासोबत हे जगले होते. तिथं बाकांपासून पेट्यांपर्यंत सामान लोकांनी स्वतःच केलं होतं.

मी एका रात्री हे सगळं वाचून पेटून उठलो. सकाळी बाबांना सांगितलं, तुम्ही मास्तर, तुम्हाला तर माहीतच असेल, शंभर किलोमीटरवर एवढा मोठा विचार झाला, कारागिरीला शाळेत मान मिळणार होता.

ते चहा पीत होते. म्हणाले, ज्यांच्या घरी रंधा नव्हता त्यांच्यासाठी तो मान होता. आमच्या घरी रंधाच होता. आम्हाला पुस्तक पाहिजे होतं.

मंडळी, नई तालीम मागे का पडली याची कारणं पुस्तकांत बरीच सापडतात. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागवायचा ही अपेक्षा अनेकांना तेव्हाच खटकली होती. शिक्षक तयार नव्हते. स्वातंत्र्यानंतर कारखाने आणि धरणांचं युग आलं. पण बाबांनी चहाच्या घोटात जे सांगितलं ते मला त्या कारणांत ठळकपणे दिसलं नव्हतं. ते दिसतं त्याआधीच्या वर्षाच्या एका पुस्तकात. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलना'चं भाषण छापलं. त्यात त्यांचा एक मुद्दा असा की जातिव्यवस्था नुसत्या कामाची वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते. माणसाचा धंदा त्याच्या कुवतीवर किंवा आवडीवर नाही, आईबापांवर ठरतो. हे वर्धा परिषदेच्या फक्त एक वर्ष आधीचं. हातात काम असणं मोठं, असं एकजण म्हणतोय. हे काम माझ्या हातात कुणी आणि का दिलं, असं दुसरा विचारतोय. दोन्ही मला पटतात आणि दोन्ही एकत्र नीट बसत नाहीत. पॉडकास्टवर शेवटी निकाल द्यायची पद्धत असते, पण मला तो देता येत नाही.

एवढं मात्र कळलं. पुण्यातला माझा एक मित्र गॅलरीत वर्कशॉप थाटतो तेव्हा त्याचे आईवडील फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात. तेच टेबल, तोच रंधा, पण माझ्या बाबांना त्यात खळ्यावरची टोपली दिसते.

आता वर्कशॉपचं. तुमच्यातल्या अनेकांनी विचारलंय, म्हणून थोडं सांगतो, पण हे ट्यूटोरियल नाही. शेड आठ बाय दहा फुटांचं. टेबल जुन्या चौकटींच्या सागाचं. नागपुरात जुनी घरं पाडतात तेव्हा त्यांचं लाकूड विकत मिळतं, वाळलेलं, पन्नास-साठ वर्षांचं. नवा साग परवडत नाही, आणि स्वतःच्या धुऱ्यावरचा साग तोडायचा तरी परवानगी लागते. १९६४ च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, बिजा, तिवस, मोह, आंबा, चिंच अशी झाडं आहेत. एक सल्ला: जुन्या लाकडात खिळे असतात. एकही राहिला तर रंध्याचं पातं जातं. लोहचुंबक फिरवून बघा.

टेबलाची उंची मनगटाएवढी घेतली, व्हिडिओत सांगतात तशी. शिकंजा बसवला. धार लावायला दगड घेतला, आणि पहिला महिना फक्त धार लावण्यात गेला. बोथट हत्यार जास्त कापतं, हाताला.

आणि करवत काही चालेना. आजोबांच्या दोन करवतींपैकी मोठी मी घासली, दात साफ केले, फळी शिकंज्यात आवळली आणि ढकलायला लागलो. दोन इंच गेलं की पातं वाकायचं. मला वाटलं गंजून कमकुवत झालंय. नवीन करवत मागवली, ती ढकलून छान कापत होती. मी जुनी शोभेला भिंतीवर टांगायच्या बेतात होतो.

एका संध्याकाळी पुन्हा एकदा प्रयत्न करत होतो. मागून आवाज आला. "अबे, ढकलून काऊन राह्यला? वढ तिले. ते वढाची करवत हाय."

बाबा. चपला बाहेर काढून आत आले. माझ्या हातातून करवत घेतली नाही. फळी शिकंज्यातून सोडवली, खाली ठेवली, जमिनीवर बसले, एका पायाच्या टाचेने आणि दुसऱ्याच्या बोटांनी फळी दाबली आणि मला म्हणाले, आता घे.

दात उलटे होते. म्हणजे त्यांचं तोंड मुठीकडे होतं. करवत ढकलताना कापणारी असली तर पातं जाड लागतं, नाहीतर ते वाकतं. ओढताना पातं आपोआप ताणलं जातं, म्हणून ते पातळ असलं तरी चालतं, आणि पातळ पात्याला लाकूड कमी कापावं लागतं. जपानमधले पारंपरिक सुतार आजही ओढून कापतात आणि बरंचसं काम जमिनीवर बसून करतात. जगभरचे हौशी लोक त्या जपानी करवती महाग किमतीला मागवतात. आमच्या बाजेखाली तशीच एक वीस वर्षं पडून होती आणि मी तिच्यात दोष काढत होतो.

टेबल आणि शिकंजा हे एक जग आहे. तिथं माणूस उभा राहतो, लाकूड लोखंडात धरतो आणि स्वतःच्या वजनाने हत्यार पुढे ढकलतो. आजोबांच्या जगात माणूस बसतो, पाय हाच शिकंजा असतो आणि हत्यार स्वतःकडे ओढलं जातं. पेटी उचलली की कुणाच्याही अंगणात वर्कशॉप तयार. खळ्यावर, पारावर, लग्नघरी. मी घरी वर्कशॉप थाटायला एवढा खर्च केला, आणि आजोबांचं वर्कशॉप दोन हातांत मावत होतं. आता मी दोन्ही करतो. रंधा टेबलावर मारतो, करवत खाली बसून. गुडघे दुखतात. बाबा म्हणतात, सवय नाही.

त्यांनी तेव्हाच सांगितलं, की दहावीपर्यंत प्रत्येक सुटीत ते पेट्यांच्या फळ्या कापायचे. रोज संध्याकाळपर्यंत. हे मला अडतीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

पुढचं काम तान्ह्या पोळ्याचं. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी इकडे मुलांचा तान्हा पोळा. मुलं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून दोरीने ओढत नेतात, घरोघरी जातात आणि बोजारा मिळवतात, म्हणजे खाऊचे पैसे. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांपासूनची मानतात. त्याच दिवशी आमच्या वर पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, दोन्ही काठांवरून दगडफेक. तीच जाम खाली आमच्या तालुक्यात येऊन जलालखेड्याजवळ वर्धेला मिळते. एकाच नदीवर एकाच दिवशी वर दगड आणि खाली लाकडाचे बैल. असो, गोटमारवर वेगळा भाग करू.

मुलगी पाच वर्षांची. तिला घरी केलेला बैल हवा होता. पहिल्या बैलाचा पाय मी अख्ख्या फळीतून आडवा कापला, आणि तो टेबलावरून खाली ठेवतानाच मोडला. लाकूड रेषांच्या दिशेने मजबूत असतं, आडवं कापलं तर बिस्किटासारखं तुटतं. पायातून रेषा उभ्या गेल्या पाहिजेत. म्हणून पाय वेगळे करायचे, त्यांच्या टोकाला कुसू काढायचं आणि बैलाच्या पोटाला खाच पाडून त्यात ते ठोकायचं. अंगठा कापला तो ही खाच पाडतानाच. दुसरा बैल शिवणीचा केला. शिवणीचं लाकूड हलकं, फिकट, कोरायला सोपं. शिंगं बाबांनी कानसीने घासली. मी सांगितलं नव्हतं.

तान्ह्या पोळ्याला बैल निघाला. रंग ओला होता, झूल आजीच्या जुन्या लुगड्याची. चाकं खडखडत होती. पाचव्या-सहाव्या घरापाशी मागचं उजवं चाक निघून गटाराकडे गेलं. मुलगी रडली नाही, तिने बैल कडेवर घेतला आणि बोजारा मागत राहिली. बाबांनी चाक उचललं, धुतलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कॉल चालू होता. शेडमधून आवाज येत होता. जाऊन बघितलं तर ते खाली बसलेले, बैल मांडीवर उलटा, हातात गिरमिट. भोक मोठं झालंय म्हणाले, आख बाभळीचा पाहिजे होता, तू सालईचा घातला. मग बाहेर बघत म्हणाले, धुऱ्यावरची बाभूळ तोडून आणू, पण आता आणली तर पुढच्या वर्षीच वापरता येईल.

बाभूळ आणली आहे. शेडच्या मागे सावलीत रचून ठेवली आहे. पुढच्या भागात गोटमार, आणि त्यासाठी कुणी पांढुर्ण्याचं ऐकत असेल तर नक्की मेसेज करा. भेटू.